गोल्डफिशसाठी मोठी टाकी आणि फिल्टर: आधी काय बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की डोंबिवलीत घरी २ फुटी टाकी आहे (२४ x १२ x १२ इंच), त्यात दोन ऑरांडा, एक रेड कॅप, एक ब्लॅक मूर (हे चारही गोल्डफिशचेच प्रकार) आणि दुकानदाराने काचा साफ ठेवायला म्हणून दिलेला एक सकर (काचेला चिकटून राहणारा मासा). मासे ४ इंचाचे झालेत, पाणी तिसऱ्या दिवशी पांढरट होतं, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, दर महिन्याला मेंटेनन्सवाला येऊन टाकी धुऊन जातो. आता ४ फुटी टाकी आणि कॅनिस्टर फिल्टर (टाकीच्या खाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यायचा विचार आहे, आणि सासूबाईंना वास्तूसाठी आठ सोनेरी एक काळा असे नऊ मासे करायचेत. बरोबर ना?

टाकी मोठी घ्याच, त्यात वाद नाही. पण तो महिन्याचा धुण्याचा कार्यक्रम तसाच चालू राहिला तर ४ फुटीत पण हेच होणार, फक्त तीनऐवजी सहा दिवसांनी होणार. म्हणून आधी तेच सांगतो, टाकीचं माप नंतर.

मासा जे खातो त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन बाहेर येतं, आणि तो मुख्यतः कल्ल्यांतून येतो, शी फक्त आपल्याला दिसते म्हणून आपण तिला दोष देतो. हा अमोनिया विषारी. फिल्टरच्या स्पंजमधे, खड्यांवर, काचेवर बॅक्टेरिया बसलेले असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात (तो पण विषारी), मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, जो बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो आणि पाणी बदललं की निघून जातो. ही सगळी मंडळी हळू वाढणारी आहेत, शून्यातून पुरेशी तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. आता तुमच्याकडे काय होतंय बघा, मेंटेनन्सवाला येतो, मासे बादलीत काढतो, खडे बाहेर काढून चोळून धुतो, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळतो, नळाच्या पाण्यात क्लोरीन, सगळं पाणी नवीन. टाकी शोरूमसारखी चकचकीत आणि आतले बॅक्टेरिया जवळपास साफ. म्हणजे दर महिन्याला तुम्ही नवी कोरी टाकी सुरू करताय आणि त्यात चार मोठे मासे सोडताय. तिसऱ्या दिवशीचा पांढरटपणा तोच, मोकळ्या पाण्यात दुसऱ्याच जातीच्या बॅक्टेरियाची वाढ होते तो. आणि सकाळी वर येऊन तोंड मारणं म्हणजे एकतर ऑक्सिजन कमी किंवा अमोनिया-नायट्राइटने कल्ले चुरचुरतायत, तुमच्याकडे दोन्ही असावं असं वाटतं.

तर आजपासून धुणं बंद. स्पंज पिळायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा दाबून चिखल गेला की बस, तपकिरी रंग राहिला तर राहू दे, तोच पायजे आपल्याला. पाणी आठवड्याला ४०-५० टक्के सायफनने (नळीने ओढून) काढा आणि तेवढंच नवीन घाला. मासे बाहेर काढायची गरज नाही.

अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबवालं टेस्ट किट आणा, पट्टीवालं नको. ही दोन मापं कळली की अर्धे अंदाज बंद होतात. नायट्राइट दिसला तर खडेमीठ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या आत्ताच्या टाकीत साधारण ५० ग्रॅम, मगात विरघळवून थोडं थोडं घाला, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. दुकानात लगेच मेथिलीन ब्लू हातात देतील, ते मेन टाकीत ओतू नका, फिल्टरमधल्या बॅक्टेरियाचंच नुकसान होतं.

आता माप. हिशोब सोपाय, लांबी x रुंदी x उंची इंचात करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. तुमची आत्ताची भरून ५६ लिटर, वरचा रिकामा भाग आणि खडे धरले तर पन्नासच्या आत. शरीर गोल असलेल्या फॅन्सी गोल्डफिशला मी पहिल्याला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतो, म्हणजे चार माशांना १९५. हा नियम काही कोणी दगडावर कोरलेला नाही, पण त्याखाली गेलात की पाणी बदलता बदलता जीव जातो. ३ फूट x दीड x दीड घेतली तर काठोकाठ १९१ लिटर, ४ फूट x दीड x दीड घेतली तर २५५, वरून २ इंच सोडले तरी सव्वादोनशे. जागा असेल तर ४ फुटीच घ्या. अडीच फूट उंच पण फूटभर रुंद अशा टाक्या शोकेसला छान दिसतात, गोल्डफिशला नको, त्याला पोहायला लांबी लागते आणि ऑक्सिजन पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून मिळतो, उंचीतून नाही. शिवाय तळाला हात पोचत नाही, साफसफाईला तुमचेच हाल.

आणि हे मासे ४ इंचावर थांबणार नाहीयेत. ऑरांडा ६ ते ८ इंच सहज होतात, साधे लांबट कॉमेट तर फुटाच्या आसपास जातात, ते खरं तर हौदाचे मासे. नीट ठेवले तर १०-१५ वर्षं जगतात. इंग्लंडमधे टिश नावाचा एक गोल्डफिश होता, १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला, तो १९९९ मधे वारला, ४३ वर्षं, गिनेसमधे नोंद आहे. आपल्याकडे दोन वर्षांत मासा गेला की लोक म्हणतात आयुष्यच तेवढं असतं, तसं काही नाहीये.

नऊ माशांचं म्हणाल तर वरचाच हिशोब लावा, ७५ अधिक आठ गुणिले ४०, जवळपास ४०० लिटर. म्हणजे ४ फुटीत पण बसत नाहीत. सासूबाईंना नऊच हवे असतील तर वेगळ्या छोट्या टाकीत गप्पी किंवा मॉली नऊ ठेवा, त्यातला एक ब्लॅक मॉली, काळ्याची पण सोय झाली. गोल्डफिश चारच राहू द्या. आणि तो सकर काढा. तो मोठा झाला की रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटतो, जखमा होतात, वर स्वतः फुटाच्या पुढे वाढतो आणि घाण पण भरपूर करतो. दुकानात परत द्या, पण तलावात किंवा नदीत सोडू नका, आपल्या देशात कितीतरी ठिकाणी हे सकर नैसर्गिक पाण्यात पसरून बसलेत आणि तिथल्या माशांना डोकेदुखी झालेत.

वजनाचा विचार कोणीच करत नाही म्हणून सांगतो. सव्वादोनशे लिटर पाणी म्हणजे सव्वादोनशे किलो, १० एमएमच्या काचेचं वजन ५० किलोच्या वर, लोखंडी स्टँड, प्लाय, दगड धरून सव्वातीनशेच्या आसपास जातं. घराच्या स्लॅबचं डिझाइन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोचा वापरातला भार धरून करतात, तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरलेला असतो त्यामुळे आरसीसी बिल्डिंगमधे ४ फुटी टाकी भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या जवळ ठेवली तर सहसा अडचण येत नाही. खोलीच्या मधोमध नको. चाळ, लाकडी तुळयांचा मजला, पोटमाळा किंवा बिल्डिंगला गळती-तडे असतील तर आधी इंजिनिअरला दाखवा, यात अंदाज नको.

१८ इंच उंचीला १० एमएम काच आणि वरून आडव्या पट्ट्या मारून घ्या. सिलिकॉन ताजं असेल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो पूर्ण जाऊ द्या, आठवडाभर थांबलात तर उत्तम. स्टँडवर प्लाय, प्लायवर अर्धा इंच थर्माकोल आणि मगच टाकी, स्टँड लेव्हलमधे आहे ना ते पाण्याची लेव्हल लावून बघा, एका कोपऱ्यात जरा खडा राहिला तरी काच तिथून जाते. जागेवर ठेवूनच भरा आणि दोन दिवस तशीच ठेवून गळती बघा, खाली वर्तमानपत्र पसरलं की थेंब लगेच कळतो. भरलेली टाकी कधीही सरकवायची नाही, अर्धी भरलेली पण नाही.

फिल्टरबद्दल माझं मत जरा वेगळंय. कॅनिस्टर चांगलाच असतो, आवाज नाही, दिसत नाही, मिडिया (आत भरायचे स्पंज, रिंग वगैरे) भरपूर बसतो. पण गोल्डफिशची घाण प्रचंड, ती डब्यात जाऊन बसते, आणि डबा खाली कपाटात असल्यामुळे नजरेआड. लोक तीन-तीन महिने उघडत नाहीत आणि ती घाण तिथं कुजत राहते, पाणी तिच्यावरूनच फिरत राहतं. म्हणजे फिल्टर लावलाय पण घाण सिस्टिमच्या बाहेर गेलीच नाही. त्यामुळे गोल्डफिशला माझी पहिली पसंती टॉप फिल्टरला, म्हणजे टाकीवर आडवा ट्रे ठेवायचा, पंपाने पाणी वर चढवायचं आणि ते मिडियातून झिरपून परत खाली. पाणी वरून पडतं त्यामुळे हवा आपोआप मिसळते, झाकण उचललं की घाण समोर दिसते, साफ करायला पाच मिनिटं. थोडा खळखळाट होतो, हॉलमधे टीव्हीच्या बाजूला ठेवणार असाल तर घरच्यांना आधी ऐकवा.

ट्रेमधे पाणी जिथं पडतं तिथं पांढरा फ्लॉस (कापसासारखा थर), मग जाडा स्पंज, आणि शेवटी सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा दगड. फ्लॉस आठवड्याला फेकून नवीन घालायचा, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळायचा, रिंगना सहसा हात लावायचा नाही. बजेट कमी असेल तर बायो मिडिया (बॅक्टेरिया बसायचा मिडिया) म्हणून भांडी घासायचे प्लास्टिकचे चोथे घाला, नवे कोरे, साबण न लागलेले, तारेचे नाहीत. बॅक्टेरियाला बसायला जागा पायजे, ती इम्पोर्टेड आहे का दहा रुपयाची याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. कार्बन नको, औषध दिल्यावर ते काढून टाकायलाच काय तो उपयोग.

पंप घेताना खोक्यावर लिहिलेला लिटर-पर-अवरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी दोन-अडीच फूट वर चढवायला लागलं आणि स्पंज जरा भरला की तो बराच खाली येतो. म्हणून टाकीच्या ८ ते १० पट आकडा बघून घ्या, तुम्हाला २००० च्या आसपासचा. पण हा सगळा फोर्स एकाच तोंडातून सोडू नका, ऑरांडा, मूर हे जाडे गोल मासे, प्रवाहात दिवसभर हातपाय मारून दमतात. भोकं पाडलेला आडवा पाइप लावला की पाणी पसरून पडतं. कॅनिस्टरच घ्यायचा असेल तर घ्या, पण मग महिन्यातून एकदा उघडायची तयारी ठेवा आणि पाणी आत ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर एक स्पंज चढवा.

सोबत एक एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर लावाच, कुठलाही मेन फिल्टर असला तरी. लाईट गेली की पंप बंद, आणि कॅनिस्टरच्या बंद डब्यात ऑक्सिजन संपत जातो, चार-सहा तासांनी बॅक्टेरिया मरायला लागतात, मग लाईट आल्यावर ते सडकं पाणी थेट टाकीत. असं झालं तर कॅनिस्टर उघडून आतलं पाणी फेकून मगच चालू करायचा. एअर पंप काही वॅटचाच असतो, इन्व्हर्टरवर टाका किंवा बॅटरीवाला घ्या. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि पंपातून बोर्डात, हे मी लोकांच्या घरी बघितलंय. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे थेंब सॉकेटमधे जाणार नाही. पाण्यात हात घालताना बटण बंद.

आता शिफ्टिंग, इथंच मासे जास्त जातात. दोन गोष्टी एकदम बदलतात म्हणून. तुमच्या आत्ताच्या टाकीत पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) बहुतेक घसरलेला असणार, कारण बॅक्टेरिया काम करताना पाण्यातला क्षार खातात. पीएच कमी असताना अमोनिया कमी विषारी रूपात असतो, आणि एकदम ताज्या पाण्यात, जास्त पीएचला, तोच जास्त विषारी होतो. म्हणून शिफ्ट करायच्या आधीचा आठवडा जुन्या टाकीत रोज १५-२० टक्के पाणी बदलत राहा, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं होत येईल.

नवीन टाकीत फिल्टर नवा, मिडिया नवा, त्यात विरजण जुन्या टाकीतून घालायचं. जुन्या टाकीचं पाणी भरून नेण्यात अर्थ नाही, बॅक्टेरिया पाण्यात फार थोडे असतात, ते बसतात पृष्ठभागावर. म्हणून जुना इंटर्नल फिल्टर (टाकीच्या आत बसवलेला) जसाच्या तसा, न धुता, नवीन टाकीत लावायचा आणि नव्या फिल्टरच्या सोबत किमान ४ ते ६ आठवडे चालवायचा. मासे आणि फिल्टर एकाच दिवशी हलवा, आधी फिल्टर नेऊन ठेवला आणि मासे आठवड्याने असं नको, अमोनिया मिळाला नाही की बॅक्टेरियाची उपासमार होते. जुन्या टाकीच्या जागीच नवी येणार असेल तर मासे मोठ्या टबात काढा, त्याच पाण्यात, एअर स्टोन लावून, आणि स्पंज पण त्याच टबात बुडवून ठेवा, सुकला की गेला.

जाळीने पकडू नका, ऑरांडाच्या डोक्यावरचा गोंडा आणि मूरचे डोळे जाळीत अडकून फाटतात, प्लास्टिकच्या बाउलमधे पाण्यासकट उचला. नवीन पाणी अर्ध्या तासात थोडं थोडं मिसळत मग सोडा. पुढचे दोन आठवडे खाणं अर्धं. गोल्डफिशला पोटच नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, त्यामुळे ते कायम भुकेले दिसणार आणि काचेपाशी येऊन तोंड हलवणार, त्याला भुलायचं नाही. पेलेट पाण्यात भिजवून द्या, अधूनमधून उकडून सोललेला मटार. पहिले तीन आठवडे रोज टेस्ट करा, अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ पीपीएमला (लिटरला अर्धा मिलीग्रॅम) गेला की त्याच दिवशी अर्धं पाणी बदला. पांढरटपणा आला तरी घाबरून फिल्टर धुवायचा नाही, तो आपोआप जातो.

नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन घालायचंच. बादलीत घालून मग टाकत असाल तर बादलीपुरता डोस, पण पाइप लावून थेट टाकी भरत असाल तर पूर्ण टाकीच्या लिटरप्रमाणे डोस, हे खूप लोकांना माहीत नसतं. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस पाणी बदलू नका, पावसाळ्यात पण क्लोरीन वाढवलेलं असतं. आरओचं पाणी नको, त्यात क्षारच नसतात. धरणाचं मऊ पाणी असेल तर मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमधे टाका, पीएच स्थिर राहतो. बोअरचं जड पाणी गोल्डफिशला उलट मानवतं.

तळाला रंगीत बारीक खडे नकोत. गोल्डफिश सारखे तोंडात घेऊन चाळतात आणि नेमक्या मापाचा खडा घशात अडकतो. रिकामा तळ ठेवा, नाहीतर तोंडात मावणार नाहीत असे गुळगुळीत मोठे दगड. झाडं खाऊन टाकतात, अनुबियस आणि जावा फर्न तेवढे वाचतात. सगळ्यात भारी म्हणजे मनी प्लांट, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, नायट्रेट मस्त ओढतो. मुळं कुरतडली तर जाळीच्या कपात ठेवा.

हीटर तुमच्याकडे नकोच. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलीग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात, आणि तेव्हाच माशाला जास्त लागतो. एप्रिल-मेमधे झाकण काढून टेबल फॅनची हवा पाण्यावरून सोडा, दोन-तीन अंश उतरतं. बर्फ टाकू नका.

एक राहिलं, जुनी २ फुटी टाकी विकू नका. नवीन मासा आणाल तो आधी तिथं तीन-चार आठवडे ठेवायचा, आणि त्यासाठी एक जादा छोटा स्पंज आत्तापासूनच मोठ्या टाकीत चालू ठेवा, लागेल तेव्हा उचलून लावला की ती टाकी त्याच दिवशी तयार. टेस्ट किट आणल्यावर आत्ताच्या पाण्याचे आकडे टाका, मग शिफ्टिंगची तारीख ठरवू.